अर्धा शॉक अ‍ॅब्सॉर्बर

घोडा नखावर उभा असतो. हे अलंकारिक नाही, अक्षरशः खरं आहे.

आपला हात टेबलावर टेकवा. मग मनगट उचला, तळवा उचला, बाकीची चार बोटं दुमडून घ्या आणि फक्त मधल्या बोटाच्या टोकावर हात उभा करा. अगदी टोकावर, नखावर. झाला घोड्याचा पुढचा पाय! घोड्याच्या पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. त्याखालचं लांब हाड म्हणजे तळहाताचं हाड, त्याखाली बोट आणि बोटाच्या टोकाला नख. त्या नखालाच आपण खूर म्हणतो.

आता या नखावर किती भार येतो बघा. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो. घोडा भरधाव पळतो तेव्हा काही क्षण सगळा भार एकाच पायावर येतो आणि त्या पायावरचा जोर शरीराच्या वजनाच्या अडीच पटीपर्यंत जातो. म्हणजे साडेचारशे किलोचा घोडा धरला तर अकराशे किलोच्या आसपास. एका नखावर! आणि हे एकदा नाही, मिनिटाला सव्वाशेहून जास्त वेळा, प्रत्येक पायावर.

बरं, हे सगळं आज कशासाठी? तर आपल्याकडे घोड्याबद्दल वाद निघाला की तो दोनच सुरांत होतो. एक सूर दयेचा: बिचारं मुकं जनावर, बंद करा हे सगळं. दुसरा सूर पोटापाण्याचा: घोडेवाल्यांनी खायचं काय? दोन्ही सूर खरे आहेत, आणि दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांचं ऐकून न घेता घरी जातात. माझं म्हणणं असं की तिसरा एक प्रश्न आहे, तो कुणी विचारतच नाही, आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी मोजता येतं. तो प्रश्न म्हणजे त्या खुराखाली जमीन कुठली आहे?

पण त्याआधी खूर काम कसं करतो ते बघू. थोडं तांत्रिक होईल, पण धीर धरा, मजा आहे.

झेल घेताना हात मागे का घेतो?

शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बाइकची स्प्रिंग येते किंवा बुटाचा जाड सोल. मूळ तत्त्व त्याहून साधं आहे. क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना आपण हात मागे घेतो. चेंडूचा वेग शून्यावर आणायचाच असतो, त्यातून सुटका नाही. पण तो शून्यावर आणायला जितका जास्त वेळ घ्याल तितका हाताला लागणारा मार कमी. दुसरी गोष्ट म्हणजे ती ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. नुसती स्प्रिंग असेल तर ती ऊर्जा परत फेकते. जिरवायला काहीतरी चिकट, ओलसर, घर्षणाचं लागतं. म्हणजे कामं दोन: वेळ काढणं आणि ऊर्जा जिरवणं.

खूर ही दोन्ही कामं करतो, आणि एका जागी नाही तर चार-पाच ठिकाणी वाटून करतो. एकच मोठा शॉक अ‍ॅब्सॉर्बर कुठेच नाही. (आमच्या धंद्यात याला चांगलं डिझाइन म्हणतात आणि मग डेडलाइन आली की कुणी ते करत नाही. असो.)

बाहेर कोरडं, आत ओलं

सुरुवात बाहेरून करू. खुराची भिंत केराटिनची असते, म्हणजे आपल्या नखाचं नि केसाचं जे द्रव्य तेच. ही भिंत एकजिनसी नसते. तिच्यात वरून खाली जाणाऱ्या बारीक बारीक नळ्या असतात आणि त्या नळ्यांच्या मध्ये वेगळ्या दिशेने रचलेले केराटिनचे धागे. शिवाय भिंतीचा बाहेरचा भाग कोरडा आणि ताठ, तर आतला भाग ओलसर आणि लवचीक. म्हणजे एकाच वस्तूत बाहेर चिलखत आणि आत गादी, मध्ये कुठेही सांधा नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बर्ट्राम आणि जॉन गॉसलाइन यांनी १९८६-८७ च्या सुमारास या भिंतीचे तुकडे वेगवेगळ्या ओलाव्याला ठेवून तोडून पाहिले. निष्कर्ष असा की अगदी कोरडं केराटिन ठिसूळ होतं, अगदी ओलं झालं की मऊ पडतं, आणि मधल्या ओलाव्याला ते तुटायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात. आणि गंमत म्हणजे भिंतीला तडा गेलाच तर तो वरच्या, जिवंत भागाकडे सरळ चढत नाही. धाग्यांची रचना त्याला वळवते. तडा जायचाच असेल तर तो झिजून जाणाऱ्या भागात जाऊ दे, असा हिशेब.

कारण भिंत झिजतेच, आणि वरून वाढतेही. महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर. पुढच्या बाजूची भिंत वरपासून खालपर्यंत पूर्ण नवी व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. म्हणजे आजचा खूर हा गेल्या वर्षभराच्या खाण्यापिण्याचा, आजारपणाचा आणि चालण्याचा लॉग असतो. आडव्या वळ्या बघून जाणकार माणूस सांगतो की या घोड्याचं मध्ये काहीतरी बिनसलं होतं.

टांगलेलं हाड

आता सगळ्यात भन्नाट भाग. आपल्याला वाटतं की खुराच्या आतलं हाड तळव्यावर टेकलेलं असेल, जसा आपला पाय बुटात टेकतो. मुळीच नाही. बोटाचं शेवटचं हाड खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं.

भिंतीच्या आतल्या बाजूने सुमारे साडेपाचशे ते सहाशे उभे पापुद्रे निघतात. हाडाच्या बाजूनेही तसेच पापुद्रे येतात आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. दोन वह्या समोरासमोर धरून एकीची पानं दुसरीच्या पानांत घातली की त्या ओढून सुटत नाहीत ना, तसं. त्यात पुन्हा प्रत्येक पापुद्र्याला दीडशे-दोनशे उपपापुद्रे. ऑस्ट्रेलियातले ख्रिस पॉलिट यांनी या रचनेवर आयुष्यभर काम केलं. एका खुरातली ही सगळी पकड पसरून मोजली तर साधारण ०.८ चौरस मीटर भरते. मुठीएवढ्या जागेत चहाच्या टेबलावरच्या टेबलक्लॉथएवढं क्षेत्रफळ!

पाय आदळतो तेव्हा हाड किंचित खाली सरकतं, पापुद्रे ताणले जातात, आणि भार तळव्यावर न दाबता भिंतीभर वाटला जातो. धक्क्याचा मोठा हिस्सा इथेच मरतो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी घोड्याच्या पायाच्या प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर कंपनं मोजली, तेव्हा एकूण शमनापैकी सुमारे दोन-तृतीयांश शमन खुराची भिंत आणि हे शेवटचं हाड यांच्या दरम्यान झालेलं दिसलं. वरच्या प्रत्येक सांध्याचा वाटा त्या मानाने किरकोळ.

आणि ही पकड सुटली तर? त्या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. हाड आतल्या आत खाली उतरतं, कधी फिरतं. २००६ ची केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारोचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी मे महिन्यात प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. हाड जोडलं गेलं, जगातल्या उत्तम डॉक्टरांनी प्रयत्न केले, पैसा पाण्यासारखा ओतला. पण मोडक्या पायाचा भार दुसऱ्या पायांनी उचलला आणि त्या धडधाकट पायांना लॅमिनायटिस झाला. २९ जानेवारी २००७ ला त्याला मरण द्यावं लागलं. मोडलेल्या हाडाने नाही, तर सुट्या झालेल्या नखाने घोडा गेला. इंग्रजीत घोडेवाल्यांची जुनी म्हण आहे की पाय नाही तर घोडाच नाही. ती उगाच नाही.

टाचेतली गादी

खूर खालून पाहिला तर मागच्या बाजूला एक त्रिकोणी, रबरासारखा भाग दिसतो. इंग्रजीत त्याला फ्रॉग म्हणतात (बेडकाशी काही संबंध नाही). त्याच्या वर, खुराच्या आत, चरबी, तंतू आणि कूर्चा यांची एक गादी असते. गादीच्या दोन्ही बाजूंना कूर्चेचे दोन पंख. चांगल्या पायाचा, मोकळा चालणारा घोडा साधारणपणे टाच आधी टेकवतो. टाच टेकते, भार येतो आणि खुराचा मागचा भाग किंचित फाकतो. पाय उचलला की परत मिटतो. खूर पुढून बंद आणि मागून उघडा, नालाच्या आकाराचा असतो, तो याचसाठी.

फाकतो का, यावर मात्र शंभर-दोनशे वर्षं भांडण चालू आहे. एक मत असं की जमीन फ्रॉगला वर ढकलते, फ्रॉग गादीला दाबतो आणि गादी पंखांना बाहेर ढकलते. दुसरं मत असं की वरून हाड खाली उतरतं आणि तेच पंखांना फाकवतं. १९९४ मध्ये डेन्मार्कमधल्या एका गटाने जिवंत घोड्यांच्या खुराच्या गादीत दाब मोजणारा सेन्सर बसवला. पहिल्या मताप्रमाणे पाय टेकताच दाब वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो उणे झाला! मग १९९८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या रॉबर्ट बाउकर यांनी तिसरं मत मांडलं. पंख फाकले की आत पोकळी तयार होते, तिच्यामुळे रक्त टाचेतल्या बारीक शिरांच्या जाळ्यात खेचलं जातं, आणि त्या अरुंद वाटांतून जाताना रक्ताच्या घर्षणाने ऊर्जा जिरते. म्हणजे बाइकच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल जे करतं तेच इथे रक्त करतं. हे मत सगळ्यांनी डोळे झाकून मान्य केलंय असं नाही, पण उणे दाबाचं कोडं ते बऱ्यापैकी सोडवतं.

बाउकर यांचं आणखी एक म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही गादी जन्मतः तयार मिळत नाही. शिंगराच्या टाचेत ती कच्ची असते. मोकळं चालून, टाचेवर भार घेऊन ती घट्ट आणि तंतुमय होते. जो घोडा लहानपणापासून तबेल्यात उभा राहिला, त्याच्या खुरात हार्डवेअर आहे पण ते कधी चालूच झालं नाही.

वरचा मजला

खुराच्या वर काय? खुराच्या वरचा घोट्यासारखा सांधा भार येताच जमिनीकडे झुकतो आणि मागचे टेंडन रबरासारखे ताणले जातात. ही स्प्रिंग. ती ऊर्जा परत देते, म्हणून घोडा इतका स्वस्तात पळतो. पण स्प्रिंग म्हटली की थरथर आली. २००१ साली लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधल्या अ‍ॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या टेंडनना जोडलेले छोटे छोटे स्नायू, जे इतके आखूड आहेत की लोक त्यांना उत्क्रांतीतला उरलासुरला कचरा समजायचे, ते नेमकी ही थरथर मारतात. कुणालाच कशासाठी आहे ते माहीत नाही असा जुना कोड डिलीट करायच्या आधी दोनदा विचार का करावा, याचं इतकं छान उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही :-)

मग नाल?

इथे घोडं पेंड खातं.

आपण घोड्याच्या खुराला लोखंडी पट्टी खिळ्यांनी ठोकतो. आपल्याकडे नालबंद ही पिढीजात विद्या आहे, ते आडनावही आहे. वापरून झिजलेला नाल आपण दाराला लावतो, नशीब उजळावं म्हणून. घोड्याच्या नशिबाचं काय, हा प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारला तो ब्रेसी क्लार्क या इंग्रज पशुवैद्याने. त्याने एका तरुण घोडीच्या खुराचे साचे काही वर्षं ओळीने घेतले आणि १८०९ मध्ये छापले. नाल ठोकत गेल्यावर गोल खूर वर्षागणिक अरुंद आणि लांबट होत गेलेला त्यात दिसतो. खूर फाकतो आणि ताठ लोखंड त्याला फाकू देत नाही, असा त्याचा मुद्दा. त्याने बिजागरी असलेला नालही करून पाहिला. तो फारसा चालला नाही, पण मुद्दा राहिला.

आजही चांगला नालबंद खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागात ठोकतो आणि टाच मोकळी ठेवतो, ती याचसाठी. सगळेच तसं करतात असं नाही.

पण इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडायचंय. गेल्या तीसेक वर्षांत पाश्चात्त्य देशांत 'नैसर्गिक खूर'वाल्यांचा मोठा पंथ झालाय. जंगली घोड्याला कोण नाल ठोकतो? मग आपल्या घोड्याला कशाला? ऐकायला फार गोड. पण क्वीन्सलँड विद्यापीठात ब्रायन हॅम्पसन आणि पॉलिट यांनी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या रानटी घोड्यांचे पाय तपासले तेव्हा त्यांतही दोष भरपूर निघाले, अगदी जुन्या लॅमिनायटिसच्या खुणासुद्धा. निसर्ग आदर्श खूर बनवत नाही, चालून जाईल असा खूर बनवतो. शिवाय नालाचा उपयोग खरा आहे. दिवसभर डांबरावर ओझं ओढणाऱ्या घोड्याचा खूर वाढतो त्यापेक्षा वेगाने झिजतो. नाल काढलात तर तो आठवडाभरात लंगडेल.

आणि नालाने धक्का किती वाढतो? वर सांगितलेल्या नेदरलँड्सच्या प्रयोगात नाल ठोकल्यावर खुराच्या भिंतीवरचं कंपन सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरलं. पण वरच्या हाडांपर्यंत पोचेपर्यंत फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे खूर जादाचा मारही स्वतःच पचवतो. 'नाल म्हणजे विष' असं म्हणणाऱ्यांना हा आकडा आवडत नाही. 'नालाने काही होत नाही' म्हणणाऱ्यांनीही तो पूर्ण वाचावा. जादाचा मार नाहीसा होत नाही, तो खुराच्या आत, त्या पापुद्र्यांत खर्च होतो.

अर्धं यंत्र, अर्धी जमीन

आता माझा मुख्य मुद्दा. खूर हा पूर्ण शॉक अ‍ॅब्सॉर्बर नाही. तो अर्धा आहे. उरलेला अर्धा म्हणजे जमीन.

झेलाचं उदाहरण आठवा. वेळ काढायचा असतो. माती दबते, वाळू सरकते, गवताखालची ओली जमीन किंचित खचते, आणि तेवढा वेळ घोड्याला फुकट मिळतो. शिवाय टेकल्यावर खूर थोडासा पुढे घसरतो, काही सेंटिमीटर, आणि मग थांबतो. हीसुद्धा ब्रेक मारायची पद्धतच. मातीत ही घसर मोजकी आणि हळूहळू थांबणारी असते. डांबरावर किंवा सिमेंटवर लोखंडी नाल आला की दोनच शक्यता. एक तर तो नको तितका घसरतो, विशेषतः उतारावर आणि पावसात. किंवा घसरू नये म्हणून नालाला टोकदार खिळे लावतात, मग तो जागच्या जागी थांबतो, आणि थांबण्याचा सगळा झटका पायात जातो.

जमिनीने फरक पडतो याचा मोठा पुरावा रेसकोर्सवर आहे. कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये मोठ्या रेसकोर्सना मातीऐवजी सिंथेटिक ट्रॅक घालायला लावला होता, नंतर काहींनी तो काढलाही. पण अमेरिकेत घोड्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली जाते, तिच्यात सिंथेटिक ट्रॅकवर घोडे मरण्याचं प्रमाण मातीच्या ट्रॅकपेक्षा साधारणपणे कमीच राहिलेलं आहे. दोन्हीकडे त्याच जातीचे घोडे आणि तोच धंदा. बदलली ती मुख्यतः जमीन.

बरं, मऊ म्हणजेच चांगलं असंही नाही. खोल वाळूत टेंडन फाटतात. चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने घोड्यांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा नालाची पद्धत तिथे नव्हती. त्याने सल्ला दिलाय की तबेल्याबाहेर मुठीएवढे गोल दगड पसरा आणि घोड्याला रोज त्यावर उभं करा, खूर घट्ट होतात. म्हणजे खुराला कठीणपणाचं वावडं नाही. वावडं आहे ते सपाट, एकसुरी, न हलणाऱ्या कठीणपणाचं, तेही वेगात आणि ओझ्यासकट.

आता आपल्या गावात

माथेरान घ्या. मोटारींना बंदी असलेलं गाव, २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. लाल मातीचे रस्ते, चारशेहून जास्त घोडे, हातरिक्षा आणि २०२२ च्या डिसेंबरपासून प्रायोगिक ई-रिक्षा. रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालायचे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं (फार आधी व्हायला हवं होतं), दस्तुरी नाक्यापासून शिवाजी पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक घालायला परवानगी दिली आणि आतल्या रस्त्यांवर नाही.

घोडेवाले ब्लॉकना विरोध करत होते. घोडे घसरतात, हे त्यांचं म्हणणं. शहरातल्या बऱ्याच लोकांनी ते 'ई-रिक्षा आली तर यांचा धंदा बुडेल म्हणून ओरडतायत' असं उडवून लावलं. धंद्याची भीती असेलच, का नसावी? पण म्हणून घसरण्याचा मुद्दा खोटा होत नाही. वर लिहिलेलं सगळं वाचल्यावर सांगा, लोखंडी नाल, ओला सपाट ब्लॉक, चढ-उतार आणि पाठीवर ऐंशी किलोचा पर्यटक, हे गणित कुठे जातं?

आणि ब्लॉकच्या बाजूचे मुद्देही खोटे नाहीत. धो धो पावसात माती वाहून जाते, उन्हाळ्यात लीद मिसळलेली धूळ उडते, शाळेतल्या पोरांनी आणि आजारी माणसांनी किती चालायचं? ई-रिक्षा हवीच. माझा विरोध ई-रिक्षेला अजिबात नाही. माझा विरोध 'एकच रस्ता, सगळ्यांसाठी एकच पृष्ठभाग' या आळशी उत्तराला आहे. चाकाला जे हवं ते खुराला नको असतं. चाकाला सपाट, न हलणारं हवं. खुराला थोडं हलणारं. दोघांना एकाच फरशीवर आणलं की एकाचा बळी जाणार, आणि तो कुणाचा जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

दोन पृष्ठभाग शेजारी शेजारी ठेवता येतात. लंडनच्या हाइड पार्कमध्ये रॉटन रो नावाचा घोड्यांचा रस्ता आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी राजाने तो बनवून घेतला. आजूबाजूला एक महागडं शहर उभं राहिलं, तरी तो रस्ता घोड्यांसाठी वाळूचाच ठेवलाय. तिथे जमतं तर डोंगरावरच्या एका गावात ब्लॉकच्या कडेने मातीची, नीट निचरा होणारी, दर पावसाळ्यानंतर डागडुजी केलेली पट्टी ठेवायला आभाळ कोसळणार आहे का? खर्च येईल. येऊ दे की. ब्लॉकला येत नाही का?

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं. वरात. मुंबईत हौसेच्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी टाळ्या वाजवल्या. पण नवरदेवाची घोडी आहेच. ती दोन-दोन तास सिमेंटच्या रस्त्यावर डीजेसमोर जवळजवळ जागच्या जागी उभी असते. आपल्याला वाटतं, पळत तर नाहीये, तिला काय त्रास? पण खुरातला रक्ताचा पंप चालण्यावर चालतो. पाय उचलला, टेकवला, की रक्त फिरतं. उभ्या घोड्याचा पंप मंद पडतो. अधूनमधून भार या पायावरून त्या पायावर टाकून ती कसंबसं भागवते. बार्बारोची गोष्ट हेच सांगते की या पापुद्र्यांना स्थिर, न हलणारा भार सोसत नाही. दोन तासांच्या वरातीने घोडीला लॅमिनायटिस होतो असं मी म्हणत नाहीये. पण तिला उभं ठेवणं म्हणजे विश्रांती, हा समज साफ चुकीचा आहे.

मग करायचं काय?

मी घोडाबंदीवाला नाही. बंदीने घोडा सुटत नाही. बेकार घोड्याचं काय होतं ते कुणी बघायला जात नाही. पण गिऱ्हाईक आपण आहोत, तुम्ही नि मी, आणि गिऱ्हाइकाच्या हातात बरंच असतं.

एक. डांबर, सिमेंट किंवा ब्लॉकवर घोडा पळवायला सांगू नका. 'भय्या थोडा दौडाओ ना' हे वाक्य मातीपुरतं ठेवा. कठीण रस्त्यावर चालणं खुराला झेपतं, वेगात बसणारा मार वेगळाच असतो.

दोन. बसण्याआधी घोड्याचे पाय बघा. समोरून येताना मान प्रत्येक पावलाला एका बाजूला वर-खाली होतेय का? टाच आधी टेकते की बोट? सतत बोटावर टेकणारा घोडा बहुधा टाच दुखते म्हणून तसं करत असतो. अशा घोड्यावर बसू नका, आणि का बसत नाही ते मालकाला नीट, न हिणवता सांगा. पाच गिऱ्हाइकांनी सांगितलं तर तो नालबंदाकडे जाईल. कुणीच नाही सांगितलं तर का जाईल?

तीन. आपलं वजन जास्त असेल तर सरळ चालत जा. डोंगरावर आपण चालायलाच गेलोय ना?

चार. वरात काढायचीच असेल तर घोडी चालती ठेवा आणि वेळ कमी करा. नाच घोडीच्या पुढे तासभर करण्यापेक्षा हॉलवर करा, तिथे एसीही असतो.

आणि पाच, जे एकट्या गिऱ्हाइकाच्या हातात नाही ते. जिथे जिथे घोडे अजून कामाला आहेत, तिथे रस्त्याचा आराखडा करताना खुराचा विचार इंजिनिअरने करावा, नंतर न्यायालयाने नाही. गाडीसाठी वळणाची त्रिज्या काढतो, पुलासाठी भार काढतो, तसं घोड्यासाठी पृष्ठभाग ठरवणं हेही इंजिनिअरिंगच आहे. त्याला प्राणिप्रेम असायची गरज नाही. नुसतं गणित आलं तरी पुरे.

खुराने त्याच्या बाजूचं काम साडेपाच कोटी वर्षं घासून घासून पक्कं केलंय. अनेक बोटांचा छोटा प्राणी हळूहळू एका बोटावर आला, त्या बोटाला असं नख आलं, ते मऊ-कठीण, ओल्या-कोरड्या, दगड-गवताच्या जमिनीवर. त्या जमिनीवरचा वरचा थर आपण गेल्या शंभर-दीडशे वर्षांत बदलला आणि खुराला सांगितलं, घे सांभाळून. तो सांभाळतो आहे, जमेल तेवढं. पण त्याच्या वाट्याचं काम त्याने केलंय. आता मातीची ती पट्टी टाकायचं काम आपलं आहे.